धाकटीचे श्वास

ही घटना खरी आहे.

हे आधीच स्पष्ट करते, कारण इंटरनेटवरच्या या पानावर मी अनेकांच्या हकिकती वाचल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच वाचून मला भीतीऐवजी लिहिणाऱ्यांच्या शुद्धलेखनाची काळजी वाटली आहे. मला थापा मारायची सवय नाही. माझ्यासमोर थापा मारण्याचे धाडसही आमच्या घरात आजवर कोणी केलेले नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नव्हे.

भर दुपारची आहे. गेल्या हिवाळ्यातली.

जागा म्हणजे आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची मागची खोली. भिंतींना लोकरीचा जाड नमदा, खिडकीला दुहेरी काच, दाराला रबराची कड. दार लावले की रस्त्यावरचा भोंगासुद्धा आत येत नाही. खोलीचे काचेने दोन भाग केले आहेत. एका भागात टेबल, खुर्ची आणि मायक्रोफोन. दुसऱ्यात यंत्रे आणि माझी खुर्ची.

त्या खोलीत बाहेरून आवाज येऊ शकत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

खोली माझ्या यजमानांनी बांधून घेतली. अंधांच्या वाचनालयासाठी आम्ही तिथे पुस्तके ध्वनिमुद्रित करत असू. यंत्रे यजमान सांभाळत. वाचत असे माझी धाकटी जाऊ. आणि कसे वाचायचे, हे मी ठरवत असे.

धाकटीचा आवाज असा होता की ती बोलू लागली की भांडणारी माणसे आपण कशावरून भांडतो आहोत हे विसरत. पण तिच्या श्वासाला शिस्त नव्हती. वाक्याच्या ऐन मध्यावर छाती भरून घेई, आणि तो आवाज थेट टेपवर जाई.

म्हणून मी नियम घालून दिला. काचेपलीकडून तिने माझ्या उजव्या हाताकडे पाहायचे. मी तर्जनी वर केली की मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. बोट खाली आले की वाचायचे. मोठे वाक्य पुढे असेल तर मी बोट जरा जास्त वेळ वर धरी, म्हणजे तिने छाती पूर्ण भरून घ्यावी.

तिने हा नियम वर्षानुवर्षे पाळला. दिराप्रमाणे तीही मला वहिनीच म्हणे. जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर घास हातात धरून म्हणायची, "वहिनी, बोट करा, म्हणजे गिळते." सगळे हसत. मीही हसे. तिच्या खोडकरपणात कधी राग नसे, असे मी तेव्हा समजत होते.

पुढे दिवस पालटले. यजमान गेले, दीर गेले. मग एका आजारात धाकटीची वाचा गेली आणि तिने अंथरूण धरले. ती खाली, जिन्याजवळच्या खोलीत असे. डोळे तल्लख. कानही. पण तोंडातून शब्द नाही. तिचा आवाज आता फक्त वरच्या कपाटात होता, काडेपेटीहून थोड्या मोठ्या डिजिटल टेपांमध्ये.

वाचनालयाच्या संचालिकाबाईंचा फोन आला. धाकटीने वाचलेले समुद्रप्रवासाचे एक जाडजूड पुस्तक लोकांना पुन्हा हवे होते. त्यांच्याकडच्या प्रती झिजल्या होत्या. संगणकावर उतरवून देता येईल का?

मी होकार दिला. त्या पुस्तकाच्या शेवटी माझ्या आवाजात दोन ओळी आहेत. वाचन कोणाचे आणि दिग्दर्शन कोणाचे. ते काम माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम होते.

अडचण यंत्राची होती. टेप नीट फिरे, पण आवाज खरखरत बाहेर येई आणि मध्येच एका कानात बंद पडे. दुरुस्त करणारे कोणी उरले नव्हते. माझ्या नातसुनेने यंत्र उलटेपालटे करून पाहिले. ती संगणकाचे काम करते. माझ्याशी वाद घालणारी घरातली ती एकटीच, म्हणून ती मला आवडते. हे तिला सांगू नये.

ती म्हणाली, बिघाड नेहमीच्या आवाजाच्या वाटेत आहे. यंत्राच्या मागची डिजिटल वाट शाबूत आहे. टेपवर आवाज आकड्यांच्या रूपात आहे. ते आकडेच संगणकात उतरवले तर खरखर मध्ये येणारच नाही. त्यासाठी संगणकाला साउंड कार्ड मात्र डिजिटल इनपुटवाले हवे.

मला वाटले, दुकानात जाऊन आणायचे.

इतके सोपे नव्हते.

आमच्या घरातला आणि वाचनालयातलाही संगणक ओपन सोर्स प्रणालीवर चालतो. तिचे अंतरंग कोणालाही उघडून पाहता येते; ती कोणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. या बाबतीत नातसून माझ्याइतकीच हट्टी. कार्ड बनवणाऱ्यांना मात्र अशा प्रणालीशी सोयरीक नको असते.

पहिले कार्ड आले. खोक्यावर भल्या मोठ्या अक्षरांत डिजिटल. उघडले तर डिजिटल वाट फक्त बाहेर जाणारी. आत येणारी नाहीच.

दुसऱ्याला आत येणारी वाट होती. पण कार्ड आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणारा जो ड्रायव्हर लागतो, तो आमच्या प्रणालीसाठी कोणी लिहिलाच नव्हता. मग ते कार्ड म्हणजे नुसता ठोकळा.

तिसरे चालले. पण आत येणारा प्रत्येक आकडा ते आपल्या मापाने बदलून घेई. "पाहुण्याला घरात घेतात, पण दारातच त्याचे कपडे बदलायला लावतात," असे नातसून म्हणाली. तेही परत गेले.

अखेर इंटरनेटच्या एका फोरमवर कोणा परक्या माणसाने तिला सांगितले, की एक जुने कार्ड आहे. बनायचे बंद झाले आहे. पण त्याचा ड्रायव्हर प्रणालीतच अंगभूत आहे आणि ते काही बदलत नाही. जे येईल तेच घेते.

बंद पडलेल्या एका रेडिओ केंद्राचे सामान उचललेला एक दुकानदार आम्हाला सापडला. मी स्वतः गेले. त्याने माळ्यावरून खोके काढले आणि फुंकर मारली. "आजी, याला आता कुत्रंपण विचारत नाही."

"मी विचारते आहे," मी म्हणाले.

त्याने मुकाट्याने कार्ड पुसून दिले. सोबत एक ऑप्टिकल केबलही दिली.

त्याच दुपारी नातसुनेने कार्ड बसवले. केबलचे एक टोक टेपच्या यंत्राला लावून दुसरे टोक तिने मला दाखवले. टोकाशी लाल ठिपका चमकत होता. आवाज त्या प्रकाशातून येतो म्हणे. कार्ड प्रकाश देत नाही, ते फक्त पाहते. तिने टोक कार्डात खोचले आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

ही खूण कसली, असे मी विचारले. तिने समजावले, की यंत्र आपल्या ठोक्यावर आकडे पाठवते आणि कार्डाला त्याच ठोक्यावर चालावे लागते. ठोका सापडला की हिरवी खूण. यंत्र बंद असेल तर ठोका नाही, आणि खूणही नाही.

"म्हणजे ते दुसऱ्याच्या नाडीवर चालते," मी म्हणाले.

"अगदी तसंच, आजी. आणि स्वतःचं काही घालत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही."

मग तिने टेप सुरू केली.

खरखर नव्हती. कुठलाच पडदा मध्ये नव्हता. धाकटी जणू काचेपलीकडे बसून वाचत होती. नातसुनेच्या डोळ्यांत पाणी आले.

आणि मग...

मला ते ऐकू आले.

श्वास.

प्रत्येक वाक्याआधी. मान वळवून घेतलेला, दाबलेला, तरीही स्पष्ट. यंत्राच्या नेहमीच्या वाटेतली बारीक खरखर इतकी वर्षे ते झाकून ठेवत आली होती. माझ्या बोटाने मिळवलेली शिस्त फसवी होती, आणि हे मला माझ्याच खुर्चीत बसून कळत होते.

मी म्हणाले, "हे काढून टाक."

नातसून थबकली. "आजी, श्वास आहेत ते. राहू देत ना. माणूस वाचतंय असं वाटतं."

"लोक वाचन ऐकतात. धाप ऐकत नाहीत."

तिने आणखी थोडा वाद घातला. मी ऐकले नाही. ती कामाला लागली. पडद्यावर आवाज नागमोडी रेघेसारखा दिसतो. वाक्यांच्या मध्ये श्वासाचा बारीक फुगवटा असतो. तो निवडायचा, कळ दाबायची. तिथे सपाट रेघ येते. शून्य. मी शेजारी बसून दाखवत असे. हा. हा. हाही.

दुपारच्या जेवणानंतर आम्ही रोज बसत असू. प्रकरणे स्वच्छ होऊ लागली. ऐकताना अडथळा नाही. सुरी फिरवल्यासारखे वाचन. मला समाधान वाटले, हे मी नाकारणार नाही.

पहिले स्वच्छ प्रकरण नातसुनेने धाकटीला खाली नेऊन ऐकवले. तिला आनंद होईल अशी कल्पना. धाकटीने डोळे विस्फारले. मग ती एकदम स्तब्ध झाली. नातसूनही तिच्याकडे पाहत बसली.

पहिले पान संपायला आले तेव्हा धाकटीला सांभाळणाऱ्या नर्सबाईंनी झडप घालून आवाज बंद केला.

"अहो, श्वास धरून ऐकतायत त्या! ओठ निळे पडले बघा."

आवाज थांबला, तेव्हा धाकटीने श्वास घेतला. लांब. कुठून तरी खूप खोलवरून वर आल्यासारखा.

मी म्हणाले, जुनी सवय. वाचनात श्वास चालत नाही, हे तिच्या हाडीमांसी खिळले आहे.

मी हे अभिमानाने म्हणाले.

काही दिवस गेले. नर्सबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, की एक गोष्ट बोलायची आहे, रागावू नका. सकाळी बाईंचा श्वास ठीक असतो. संध्याकाळीही. दुपारी तुम्ही वर बसलात की तो चुकतो. मध्येच थांबतो. मग पुढचा येतो. पण मधला येतच नाही.

मी त्यांना विचारले, की तुम्ही शिकलेल्या आहात ना? वर संगणकावर कळ दाबली म्हणून खाली माणसाचा श्वास थांबतो, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

त्या खाली मान घालून निघून गेल्या. माझ्यासमोरून सगळे असेच जातात.

डॉक्टर येऊन तपासून गेले. वय, थकलेली फुप्फुसे, थंडी. असे होते, म्हणाले. त्यांच्या बोलण्याने माझे समाधान झाले. म्हणजे, मी ते करून घेतले.

मग एके दुपारी नातसुनेच्या हातून एका प्रकरणाची फाइल बिघडली. फार काही नाही, मूळ टेप होतीच. तिने तीच टेप पुन्हा यंत्रात घातली. केबल लावली. हिरवी खूण आली. धाकटीचा आवाज सुरू झाला.

पहिले वाक्य संपले.

मध्ये काहीच नव्हते...

दुसरे वाक्य.

पुन्हा काहीच नाही...

नातसुनेने टेप थांबवली. मागे नेली. पुन्हा लावली. पडद्यावर वाक्यांच्या मध्ये सपाट रेघ होती. शून्य.

"आजी, ही मूळ टेप आहे," ती हळूच म्हणाली. "मी हिला हातही लावलेला नाही. मी फक्त कॉपीतून श्वास काढलेत."

"मग या प्रकरणात श्वास नसतीलच."

"खोलीत मायक्रोफोन चालू असला की कधीच शून्य येत नाही. माणूस गप्प बसला तरी काहीतरी येतंच. आणि याच प्रकरणातून आपण दोघींनी मिळून श्वास काढले होते. तुम्ही बोटानं दाखवत होतात."

तिने बाकीच्या टेपा एकामागून एक लावून पाहिल्या. जी जी प्रकरणे आम्ही स्वच्छ केली होती, त्यांच्या टेपांवर श्वास नव्हते.

शेवटच्या प्रकरणाची टेप तेवढी अजून आम्ही घेतली नव्हती. तिच्यावर श्वास होते. सगळे.

नातसुनेने कार्डातून केबल उपसली. म्हणाली, "मी हे आता करणार नाही. शेवटचं प्रकरण आहे तसंच देऊ या."

मी म्हणाले, सबंध पुस्तक स्वच्छ आणि शेवट धापा टाकत? माझे नाव त्याच प्रकरणाच्या शेवटी आहे.

तिने माझ्याकडे पाहिले. या घरात माझ्याकडे असे कोणी पाहत नाही. "आजी, खाली धाकट्या आजी आहेत."

एवढे बोलून ती निघून गेली.

इथे मला थांबायला हवे होते. मला सांगण्यात आले होते. नर्सबाईंनी सांगितले, नातसुनेने सांगितले, टेपांनी सांगितले. मला कळले नव्हते असे मी म्हणू शकत नाही. मला फक्त ते खरे आहे असे कबूल करायचे नव्हते. आणि कबूल न करण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे काम पूर्ण करून काहीही होत नाही हे दाखवून देणे.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर नातसून बाहेर गेली होती. मी एकटीच वर गेले. टेप घातली. केबल लावली. हिरवी खूण आली. रोज शेजारी बसून कोणती कळ दाबायची हे मी शिकले होतेच.

प्रकरण उतरवून झाले. मग मी श्वास काढू लागले.

एक फुगवटा. कळ. सपाट.

एक फुगवटा. कळ. सपाट.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. खालचे काही ऐकू येणे शक्यच नव्हते. नमदा, दुहेरी काच, रबराची कड. यजमानांनी फार चोख काम करून घेतले होते.

शेवटच्या वाक्याआधीचा श्वास मोठा होता. तिथे मी बोट बराच वेळ वर धरले असणार. मला ती दुपार आठवली. वाचून झाल्यावर ती काचेपलीकडून हसली होती.

मी कळ दाबली.

तेवढ्यात दार धाडकन उघडले. नातू होता. "आजी, खाली चला. लवकर."

धाकटीच्या खोलीत सगळे होते. डॉक्टर, नर्सबाई, नुकतीच परतलेली नातसून. तिने पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या. धाकटी उशांना टेकून बसवलेली होती. तोंड किंचित उघडे. मान एका बाजूला वळलेली.

मायक्रोफोनपासून दूर वळवतात तशी.

ती श्वास घेत नव्हती. पण ती गेलेलीही नव्हती. डोळे जिवंत होते, आणि ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते.

"आजी," नर्सबाई म्हणाल्या, "त्या तुमच्या हाताकडे बघतायत."

मला कळले.

त्याच क्षणी कळले. ती कशाची वाट पाहते आहे, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते.

हात शालीत होता. बाहेर काढायचा, बोट वर करायचे. एवढेच. पण डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. नर्सबाई पाहत होत्या. त्यांना मी शाळेवरून बोलले होते. नातसून पाहत होती. मी बोट वर केले असते, तर सगळ्यांसमोर मान्य केले असते, की वर बसून मी काय करत होते.

शालीच्या आत माझे बोट हलले. हे खरे आहे. ते हलले.

पण हात बाहेर आला नाही.

धाकटी वाट पाहत राहिली... शिस्तीत... जशी मी शिकवली होती तशी.

मग तिचे डोळे तसेच राहिले आणि त्यांतले पाहणे संपले.

डॉक्टर म्हणाले, शांतपणे गेल्या. धडपड अजिबात केली नाही. सगळ्यांना त्याचे नवल वाटले. मला वाटले नाही.

पुस्तक वाचनालयात गेले. मी ते थांबवायला हवे होते, पण कारण काय सांगणार? काही दिवसांनी संचालिकाबाईंचा फोन आला. वाचन फार सुरेख, म्हणाल्या. मग जरा अडखळून म्हणाल्या, की लोक पुस्तक पुरे ऐकत नाहीत. मध्येच बंद करतात. एक आजोबा म्हणाले, की ऐकताना आपलाच जीव घुसमटतो. या बाई कधी श्वासच घेत नाहीत का?

मी म्हणाले, तांत्रिक कारण असेल.

नातसून माझ्याशी मोजके बोलू लागली होती. जेवायला चला. औषध घेतलं का. तिने मला काहीच विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

मग एके दुपारी ती वरून आली. चेहरा पांढराफटक.

"आजी, टेपचं यंत्र तुम्ही चालू केलं होतं का?"

मी त्या दिवसापासून वर गेलेच नव्हते.

आम्ही दोघी वर गेलो. ती यंत्रे आवरून ठेवायला आली होती. टेपचे यंत्र बंद होते. त्याची विजेची वायर तिने गुंडाळून वर ठेवलेली होती. संगणक तेवढा चालू होता.

पडद्यावर हिरवी खूण होती.

"ठोका कुठून येतोय?" ती कुजबुजली.

मी केबल पाहिली. कार्डातून निघून ती टेबलाच्या कडेवरून खाली आली होती. दुसरे टोक यंत्रातून काढलेले. मोकळेच लोंबत होते.

त्या टोकाशी लाल ठिपका होता...

"कार्डातून प्रकाश येत नाही," नातसून म्हणाली. "आजी, ते फक्त बघतं. त्यातून प्रकाश येतच नाही."

ती हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पडद्यावर रेघ सपाट होती. शून्य. हिरवी खूण, लाल ठिपका आणि संपूर्ण शून्य. कोणीतरी फोन उचलून काहीच बोलू नये, तसे.

मी माझ्या खुर्चीत बसले. का बसले, सांगता येत नाही. समोर काच. पलीकडे टेबल, रिकामी खुर्ची, मायक्रोफोन. त्याची वायर केव्हाच काढून टाकलेली. मी हेडफोन कानाला लावले.

आत काहीही नव्हते. इतके काहीही नसणे मी कधी ऐकले नव्हते.

आणि माझा उजवा हात... शालीतून बाहेर आला.

मी बोट वर केले.

कानात, अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेतला.

पडद्यावर फुगवटा उमटला. तो मी ओळखला. मी असे शेकडो निवडून काढले होते.

नातसुनेच्या कानाला हेडफोन नव्हते, पण फुगवटा तिनेही पाहिला. ती भिंतीला टेकली. मी बोट खाली घेतले. रेघ सपाट झाली. आड कोरडा होता आणि पोहरा भरून आला होता.

तिला कार्ड उपटून टाकायचे होते. मी तिचा हात धरला. मी आयुष्यात कोणाला विनवणी केलेली नाही, तेव्हा केली. तिने माझ्याकडे पाहिले आणि एकच विचारले.

"त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का, त्या हाताकडे का बघत होत्या?"

मी हो म्हणाले.

ती दार ओढून खाली गेली. त्यानंतर ती त्या खोलीत आलेली नाही.

मी मात्र रोज जाते. दुपारी, जेवण झाल्यावर. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तरी जाते. त्या दिवशी जे केले नाही ते आता करते. बोट वर करते, ती श्वास घेते. खाली करते, ती थांबते. ज्यांनी मला या पानावर लिहायला सांगितले, त्यांना वाटते की लिहिल्याने मन हलके होईल. मी हलके होण्यासाठी लिहीत नाही. एक गोष्ट मला कोणाला तरी सांगून ठेवायची आहे.

सुरुवातीला माझ्या लक्षात आले नव्हते.

हेडफोनमध्ये येतो तो श्वास घेतल्याचा आवाज असतो. आत ओढलेला. नेहमी आत.

सोडल्याचा आवाज मी अजून एकदाही ऐकलेला नाही.

इतक्या दुपारी झाल्या. ती घेतेच आहे. छाती भरून घेतेच आहे, मी शिकवले तसे. पुढे मोठे वाक्य असले की आधी पुरेसा श्वास घेऊन ठेवायचा असतो.

आणि हल्ली मी बोट खाली करते, तेव्हा काचेपलीकडची खुर्ची किंचित करकरते... वाचायला सुरुवात करण्याआधी ती पुढे सरकून बसायची, तशी.

वाक्य फार मोठे असणार.